सर गेल्यानंतर विद्यार्थ्यांनी काय करावे

आवडत्या प्राध्यापकांच्या निधनाची बातमी कळली की विद्यार्थ्यांच्या मनात पहिला विचार शोकसभेचा येतो. पुण्यात ती घेणे अवघडही नसते, कारण नवी पेठेत किंवा टिळक रस्त्यावर सभागृह मिळते आणि बोलणारेही मिळतात. माझ्या मते मात्र त्याहून निकडीचे काम सरांच्या घरातील कागदांचे असते; सभा महिन्याभराने घेतली तरी चालते, कागद तोवर राहतीलच असे नाही. आमच्या सरांच्या घरी आम्ही तीन महिन्यांनी गेलो, तेव्हा घर रिकामे करण्याच्या घाईत त्यांच्या व्याख्यानांच्या टिपणांची सहा पोती रद्दीत गेली होती. घरच्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. त्या कागदांचे मोल सांगायला आमच्यापैकीच कोणी वेळेवर गेले नव्हते, आणि याची हळहळ अजून वाटते.

म्हणून तेराव्यानंतर आठवड्याभरात, अगोदर फोन करून, दोघांनीच घरी जावे. पहिल्या भेटीत काहीही मागू नये. काकूंजवळ बसावे आणि निघताना 'सरांचे कागद एवढ्यात रद्दीत देऊ नका, आम्ही येऊन लावून देतो' इतकेच सांगावे.

पुढे कपाट उघडाल तेव्हा काहीही हलवण्याआधी प्रत्येक फळीचे छायाचित्र घ्यावे, कारण कोणत्या पुस्तकाशेजारी कोणती वही ठेवली होती यावरूनही सर कसा विचार करत होते हे कळते. पुस्तके एकेक करून चाळावीत. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी, पानांत खुणेसाठी ठेवलेली पोस्टकार्डे आणि चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवून त्यांचा पृष्ठांक लिहून घ्यावा. आमच्या सरांच्या व्याकरणाच्या एका पुस्तकात, एका समासाच्या विग्रहाशेजारी, बारीक अक्षरात लिहिलेले होते : '८३च्या वर्गात हे चुकीचे सांगितले.' त्या वर्गातल्या एका मैत्रिणीने आपली जुनी वही शोधून काढली, तर तिच्यात तो चुकीचा विग्रह तसाच होता आणि पुढच्या तासाच्या तारखेखाली दुरुस्तीही होती. चूक कबूल करून पुन्हा शिकवणारा शिक्षक त्या दोन कागदांत जितका स्पष्ट दिसला, तितका कोणत्याही भाषणात दिसला नाही. तेव्हा सरांच्या कागदांइतक्याच विद्यार्थ्यांच्या वह्याही आवर्जून मागवाव्यात.

फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदावर डाग सोडते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, हस्तलिखिते किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करावीत आणि त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. अप्रकाशित लेखन छापायचे असेल तर वारसांची लेखी परवानगी घ्यावी. सरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचाही स्वामित्वहक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि तो सहसा कुटुंबाकडेच असतो.

पुस्तकांच्या बाबतीत थोडा कठोरपणा लागतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ८०व्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाची संस्था पुण्यात स्थापन झाली आणि त्यांचा ग्रंथसंग्रह तिथे गेला. परंतु जागेची टंचाई असलेल्या आजच्या ग्रंथालयांकडून सगळा संग्रह एकत्र ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही. लेखक, वर्ष आणि आवृत्ती यांची यादी आधी पाठवावी, ग्रंथालयाला हवे ते त्याला निवडू द्यावे आणि नोंदी असलेली पुस्तके मात्र वेगळी काढून, त्या नोंदींसह जतन करणाऱ्या ठिकाणीच द्यावीत.

आठवणी मागवताना 'सरांविषयी लिहा' असे म्हटले की सगळ्यांकडून 'ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व' येते. त्याऐवजी नेमके विचारावे : सरांनी तुमच्या कोणत्या उत्तरावर काय शेरा मारला, कोणते उदाहरण ते दरवर्षी देत, तुम्ही कोणत्या बाबतीत त्यांच्याशी वाद घातला. जे लिहू शकत नाहीत त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे, आणि सुरुवात सर्वांत वयोवृद्ध विद्यार्थ्यांपासून करावी.

सभा दीड तासाची पुरे. चार वक्ते ठरवावेत, त्यांतला एक अलीकडच्या तुकडीतला असावा, आणि सरांच्या लेखनातले एखादे पान वाचून दाखवावे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या या शहरात स्मृतिव्याख्यानाची कल्पना लगेच निघते आणि ती चांगलीच आहे, पण आधी हिशोब मांडावा. दोन लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला तेरा हजार रुपये मिळतात; त्यात सभागृह, वक्त्याचा प्रवास आणि मानधन जेमतेम बसते. नवा न्यास काढून त्याची नोंदणी आणि दरवर्षीचे हिशेब सांभाळण्यापेक्षा, सरांच्या महाविद्यालयात किंवा एखाद्या जुन्या संस्थेत लेखी अटींवर निधी ठेवणे मला अधिक योग्य वाटते. व्याख्यान पुण्यतिथीऐवजी सरांच्या जन्मदिवशी ठेवावे. काकूंना त्या दिवशी येणे सोपे जाते.

घरून आणलेली छायाचित्रे स्कॅन झाल्यावर, मागे मऊ पेन्सिलीने नावे व साल लिहून, ज्या पाकिटात आणली त्याच पाकिटात घालून काकूंच्या हाती परत द्यावीत.