लोगोमागचा पांढरा रंग घालवताना या चुका टाळा

मिठाईच्या एका दुकानाची वेबसाइट करत होते. हेडर (पानाची वरची पट्टी) केशरी, लोगोची अक्षरं मरून आणि लोगोमागे पांढरा चौकोन. मालकांचं म्हणणं एवढंच होतं, "तो पांढरा डबा तेवढा काढा." मी पांढरा रंग पारदर्शक केला. चौकोन गेला, पण प्रत्येक अक्षराभोवती गुलाबीसर कड उरली आणि लोगोतला पांढराशुभ्र मोदक केशरी झाला.

चित्र ४०० टक्के मोठं केल्यावर कारण दिसलं. पिक्सेलचा रंग तीन संख्यांत लिहितात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. अक्षराचा मरून रंग १५३, ०, ०. मागचा पांढरा २५५, २५५, २५५. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून या दोहोंच्या सीमेवर मिश्र रंगाचे पिक्सेल असतात. अर्धा मरून, अर्धा पांढरा म्हणजे साधारण २०४, १२८, १२८. हा झाला गुलाबी. पांढऱ्यावर तो नजरेत भरत नाही, केशरीवर लगेच उठून दिसतो. "पांढरा काढ" असं सांगितलं की प्रोग्रॅम नेमका पांढराच काढतो, या गुलाबीला हातही लावत नाही. तिथे खरं तर तोच मरून हवा असतो, फक्त अर्धा पारदर्शक.

म्हणजे पारदर्शकता हा रंगाचा गुण नाही. ती प्रत्येक पिक्सेलची चौथी संख्या आहे, अल्फा, ० (पूर्ण पारदर्शक) ते २५५ (पूर्ण भरीव). एक रंग निवडून तो पुसला की अल्फा मिळतो असं समजणं, इथूनच बहुतेक गोंधळ सुरू होतो.

टॉलरन्स वाढवत नेणं

गुलाबी कड दिसली की हात आधी टॉलरन्सकडे जातो, म्हणजे निवडलेल्या रंगाच्या किती जवळचे रंग पुसायचे त्या मर्यादेकडे. कड कमी होते खरी, पण अक्षरं कुरतडल्यासारखी दिसू लागतात. देवनागरीत हे फार लवकर होतं: अनुस्वाराचं टिंब बारीक होतं, मात्रेचं टोक तुटतं. मोदक वाचवायला "फक्त बाहेरून जोडलेला पांढरा काढ" असं सांगितलं, तर "व" आणि "ब" यांच्या पोटातला पांढरा ठिपका तसाच राहतो.

एकाच रंगाचा लोगो असेल तर याहून चांगली युक्ती आहे. आमच्या मरूनमध्ये हिरव्याची किंमत ० आणि पांढऱ्यात २५५. म्हणून कॅनव्हासवर (ब्राउझरमध्ये कोडने चित्र काढायची जागा) प्रत्येक पिक्सेलचा रंग सरसकट १५३, ०, ० करायचा आणि अल्फा ठेवायचा २५५ वजा मूळ हिरवा. पांढऱ्याचा अल्फा ०, अक्षराचा २५५, गुलाबीचा १२७. कड आपोआप नीट होते. मोदकाच्या आतला पांढरा मात्र वेगळ्या थरावर हाताने भरावा लागला, त्याला पर्याय नव्हता.

कॅनव्हास वापरताना चित्र दुसऱ्या डोमेनवरचं असेल, तर ब्राउझर सहसा पिक्सेल वाचू देत नाही, सिक्युरिटी एरर येते. कोडमध्ये चूक शोधत बसू नका. चित्र आपल्याच सर्व्हरवर ठेवा.

जेपीईजीतून पारदर्शकता मागणं

जेपीईजीत अल्फा नसतोच. शिवाय कॉम्प्रेशनमुळे अक्षरांजवळचा पांढरा २५३, २५०, २४७ असा गढूळ होतो, म्हणून पुसल्यावर ठिपके उरतात. जीआयएफमध्ये पिक्सेल पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरीव, अधलंमधलं काही नाही. पीएनजी, वेबपी किंवा एसव्हीजी (पिक्सेलऐवजी आकार साठवणारी फाइल) घ्या.

मूळ फाइल मागायला संकोच करू नका. दुकानाचा बोर्ड किंवा फ्लेक्स ज्याने केला, त्याच्याकडे बहुतेक वेळा कोरल ड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमची फाइल असते. तिच्यातून थेट एसव्हीजी निघाली तर वरची सगळी कसरत वाचते. फक्त ती व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून आलेल्या चित्राची पारदर्शकता वाटेतच जाते. आणि नेटवरून "पारदर्शक पीएनजी" उतरवलीत तर उघडून बघा: करडे-पांढरे चौकडे कित्येकदा चित्रातच रंगवलेले असतात.

मल्टिप्लायवर भिस्त

सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मिक्स-ब्लेंड-मोडला मल्टिप्लाय दिलं, म्हणजे लोगोचा रंग मागच्या रंगाशी गुणून मिसळला, की पांढरा क्षणात नाहीसा होतो. फिक्या पार्श्वभूमीवर आणि गडद अक्षरांसाठी हा उपाय मला आवडतो, कडासुद्धा अचूक मिसळतात. पण मोदक पुन्हा केशरी होतो, आणि गडद निळ्यावर मरून अक्षरं जवळजवळ काळी पडतात. कधी कधी पांढरा चौकोन अचानक परतही येतो. तेव्हा लोगोला गुंडाळणारा घटक तपासा. त्याला ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) किंवा १ पेक्षा कमी ओपॅसिटी (अपारदर्शकता) असेल, तर लोगोचं मिसळणं त्या घटकाच्या आतच थांबतं, बाहेरच्या हेडरच्या रंगापर्यंत पोचत नाही.

ओपॅसिटी चुकीच्या जागी

पट्टीचा रंग अर्धपारदर्शक हवा म्हणून सगळ्या पट्टीला ओपॅसिटी ०.५ दिली की आतला मजकूरही फिका होतो. मजकुराला वेगळी १ देऊन तो परत येत नाही, कारण आई-घटकाचा परिणाम सगळ्या पोटावर होतो. अल्फा फक्त पार्श्वभूमीच्या रंगात द्या. हेक्स कोडच्या (रंग हेक्साडेसिमल आकड्यांत लिहायची पद्धत) शेवटी अल्फा म्हणून ८० लावलं तर ते ८० टक्के नसतं. हेक्साडेसिमलमधलं ८० म्हणजे २५५ पैकी १२८, जवळपास निम्मं. ८० टक्क्यांसाठी तिथे दोनदा "सी" लागतो.

जुन्या लेखांत इंटरनेट एक्स्प्लोररचा क्रोमा फिल्टर सापडेल. निवडलेला रंग पारदर्शक करण्यासाठीच तो होता, पण आजच्या ब्राउझरांत चालत नाही. सोडून द्या.

लोगो तयार झाला की तो पांढऱ्या, काळ्या आणि एखाद्या भडक रंगावर ठेवून पाहा. गुलाबी कड भडक रंगावर सापडते, "व"च्या पोटात राहिलेला ठिपका काळ्यावर. आणि अक्षरं काळी असतील तर डार्क मोडमध्ये ती दिसणारच नाहीत. त्यासाठी फिक्या अक्षरांची दुसरी फाइल आत्ताच करून ठेवा.