पाचोळा साठवा, मग ओला कचरा जिरवा

घरच्या घरी खत करायला बसलेली बरीच मंडळी दोन महिन्यांत ते सोडून देतात. कारण बहुधा एकच असतं: बादलीला वास सुटतो, आळ्या दिसतात, घरात कुरबुर सुरू होते. मग दोष बादलीला दिला जातो किंवा विकत आणलेल्या, कचरा कुजवायच्या विरजणाच्या पावडरीला. खरी उणीव सुक्या मालाची असते. ओला कचरा रोज आपोआप तयार होतो, पण त्याच्या जोडीला लागणारा वाळका पाला कोणी जमवून ठेवलेला नसतो. म्हणून या कामाची सुरुवात बादलीपासून करू नका, पोत्यापासून करा.

भाजीच्या देठा-सालींमध्ये एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) साधारण 15 ते 20 भाग कर्ब (कार्बन) असतो. वाळलेल्या पानांत तो 50 किंवा त्याहून जास्त असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना 25 ते 30 च्या आसपास मानवतो. नुसता ओला कचरा टाकला की जादा नत्र अमोनिया होऊन उडतं आणि पाण्याने गिच्च झालेल्या ढिगात हवा शिरत नाही. हवेशिवाय कुजणारा कचराच घाण मारतो. पाचोळा या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळतो: कर्ब पुरवतो आणि ढीग पोकळ ठेवतो. पाल्याऐवजी वापरलं जाणारं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी छान शोषतं, पण ते बारीक असल्याने दाबलं जातं आणि शिवाय विकत आणावं लागतं. पाला फुकट असतो.

पाला कोणता आणि कधी

महाराष्ट्रातल्या शहरांत पानगळीचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, गुलमोहर यांची बारीक पानं सगळ्यांत उत्तम. चुरावी लागत नाहीत आणि लवकर कुजतात. पिंपळ, कडुनिंब, करंज हेही चांगले. देशी बदाम, साग, आंबा, फणस, वड यांची पानं जाड किंवा चिवट. चुरा केल्याशिवाय घातली तर चार महिन्यांनीही ओळखू येतील इतकी शाबूत राहतात. बांबूचा पाला फार हळू कुजतो. निलगिरी आणि सुरूचा पाला घेऊच नका.

सोसायटीत झाडलोट करणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ढीग लावला की तो पेटवण्याऐवजी किंवा गाडीत भरण्याऐवजी पोत्यात भरून ठेवतील. आणल्यावर गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, खडे वेचून टाका, एक दिवस कडक उन्हात पसरा, मग पोत्यात घालून वरून पाय देऊन चुरा करा. धूळ बरीच उडते, तोंडाला रुमाल बांधा. चार माणसांच्या घराला जून ते सप्टेंबरसाठी दाबून भरलेली धान्याची तीन-चार मोठी पोती लागतात. पाऊस लागण्याआधी ती आडोशाला, जमिनीपासून वर, विटांवर किंवा फळीवर ठेवा. तळातून ओल लागलेला पाला बुरशीने गोळा होतो आणि शोषून घेण्याचा त्याचा उपयोग संपतो.

पाला मिळालाच नाही तर रसवंतीतलं उसाचं चिपाड चालतं, पण तीन-चार दिवस खडखडीत वाळवून आणि बारीक तुकडे करून. ओलं चिपाड आणलंत तर मुंग्यांची रांग घरापर्यंत येईल. चिकटपट्टी आणि पिना काढलेला साधा पुठ्ठा फाडून घालता येतो. सुताराकडचा भुसा घेताना विचारून घ्या. प्लायवूडचा असेल तर त्यात डिंकाची रसायनं असतात, तो नको.

बादली

चार माणसांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी 40 ते 50 लिटरचे झाकणाचे दोन प्लास्टिकचे ड्रम पुरे, तिसरा असेल तर सोय. रंगाची 20 लिटरची बादली एक-दोन माणसांना ठीक. मोठ्या घरात ती पंधरवड्यात भरते आणि पहिलीतलं खत तयार व्हायच्या आत दुसरीही भरते.

ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने चहूबाजूंनी 8 ते 10 मिलिमीटरची भोकं पाडा, साधारण चार बोटांच्या अंतरावर. तळाला सात-आठ. भोकांवर आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण माश्यांचा निम्मा त्रास इथेच थांबतो. ड्रम दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनं ताट सरकवा. जागा सावलीची, वारा असलेली, पावसाची झड न येणारी हवी. कडक ऊन लागलं तर कडा सुकतात आणि कुजणं थांबतं.

तळाला नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा दोन इंच थर द्या. त्यावर तीन-चार इंच पाचोळा. त्यावर विरजण: जुन्या खताच्या दोन ओंजळी सर्वांत चांगल्या. त्या नसतील तर मोठ्या झाडाखालची भुसभुशीत माती, किंवा मूठभर शेण अर्धा लिटर पाण्यात कालवून, किंवा वाटीभर आंबट ताक तेवढ्याच पाण्यात. महागड्या पावडरींची गरज नाही. जिवाणू पानांवर आणि सालींवर मुळातच असतात, विरजणाने सुरुवातीचे काही दिवस वाचतात इतकंच.

रोजचं काम

ओला कचरा चाळणीत निथळू द्या. सिंकशेजारी चाळणी ठेवून रात्री रिकामी करायची सवय लावली की निम्मं पाणी आपोआप जातं. मोठे तुकडे इंचभर करा. केळीच्या साली, कोबीचे दांडे, कलिंगडाच्या साली तर नक्कीच. मग मापाने टाका: एक मग ओला कचरा, एक मग चुरलेला पाला. पावसाळ्यात पाला दीडपट. दोन्ही वरच्या थरात हलके कालवा आणि शेवटी दोन बोटं जाडीचा नुसता पाला पसरा. वरून ओल्या कचऱ्याचा एकही तुकडा दिसता कामा नये. वास आणि चिलटं या दोघांवरचा अर्धा इलाज एवढाच आहे.

दर दोन-तीन दिवसांनी खुरप्याने किंवा काठीने तळापर्यंत वर-खाली करा. ओलीची परीक्षा मुठीने होते: मूठभर माल घट्ट दाबला की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला घाला आणि झाकण काही तास उघडं ठेवा. मूठ उघडल्यावर सगळं सुटून पडलं तर ताक घातलेलं पाणी शिंपडा. ढीग नीट चालला असेल तर मधोमध हात घातल्यावर ऊब लागते. ड्रम लहान असल्याने ती मोठ्या ढिगासारखी 55-60 अंशांवर जात नाही, कोमटच राहते. ही ऊब हाताला लागली की पहिल्यांदाच खत करणारा माणूस रोज झाकण उघडून बघू लागतो, आणि काम टिकायला हे कुतूहल फार उपयोगी पडतं.

काय घालू नये याची यादी फार लांबवायची गरज नाही. मांस-मासळीचे अवशेष, तेलकट रस्सा, दूध फ्लॅटमधल्या ड्रमात नकोत. उरलेला भात-पोळी थोडी चालते, पण दुप्पट पाल्यात. चहाचा चोथा साखर धुऊन जाईपर्यंत खळखळून घ्या. टी-बॅग कापडासारखी दिसली तरी बहुतेकदा प्लास्टिकच्या धाग्यांची असते, म्हणून फाडून आतली पूडच घाला. लिंबाच्या साली एरवी चालतात, मात्र लोणच्या-सरबताच्या दिवसांत एकदम ढीगभर घालू नका, कुजणं मंदावतं. अंड्यांची टरफलं वाळवून कुटून घाला. आंब्याच्या कोयी, करवंट्या, हाडं कुजायला इतकी वर्षं घेतात की त्या बाहेरच बऱ्या. कोयी वाळवून पुढच्या ड्रमाच्या तळाला काटक्यांच्या जागी वापरता येतात.

गणपतीत निर्माल्याचा एकदम लोंढा येतो. आधी दोरे, जरी, पिना, प्लास्टिकच्या माळा काढा, पाकळ्या दिवसभर सावलीत सुकवा आणि तीन-चार दिवसांत विभागून घाला. झेंडूचे गजरे तसेच लोटले तर मधे दबून त्यांचा चिकट लगदा होतो. दूर्वा आणि पत्री कात्रीने कापून घ्या.

बिघडलं तर

नाकाने निदान बरंचसं होतं. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास म्हणजे हवा कमी, पाणी जास्त. सगळं ताडपत्रीवर उपसा, तिसरा हिस्सा पाला मिसळा आणि परत भरा. तळाची भोकं बुजली आहेत का तेही बघा. मुतारीसारखा झणझणीत वास म्हणजे अमोनिया, नत्र जास्त झालं. औषध पुन्हा पालाच.

पांढरे, कापसासारखे धागे दिसले तर घाबरू नका, ती कुजवणारी बुरशी आहे. चिलटांची अंडी बहुतेक फळांच्या सालींवरूनच येतात. साली झाकून टाका, दोन दिवस नुसता पाला घाला. सगळ्यांत जास्त घाबरवतात त्या आळ्या. जाड, चपट्या, करड्या-तपकिरी, बोटाच्या पेरापेक्षा जराशा लहान असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कचरा झपाट्याने संपवतात आणि त्यांच्या वस्तीत घरमाशी फारशी वाढत नाही. त्या दिसल्या याचा अर्थ ड्रमात ओल जास्त आहे. नकोच असतील तर पाला वाढवा, पाणी तोडा. मोठ्या झाल्या की त्या स्वतःच कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात आणि शेजाऱ्यांच्या दारात जातात, तेवढं जपा. मुंग्या झाल्या तर उलट, ढीग कोरडा पडलाय. पाणी शिंपडून ढवळा. कीटकनाशक फवारू नका, ते खतात उतरतं.

ताटात काळं पाणी साचत असेल तर ते झाडांना थेट घालू नका. वास मारणारं पाणी हवेविना कुजलेलं असतं, मुळांना झोंबतं. कोरड्या पाल्यावर ओतून तोच पाला ड्रमात घाला. रोजच पाणी येत असेल तर मापात चूक होतेय.

खत तयार झालं का

ड्रम काठोकाठ भरला की कचरा टाकणं थांबवा आणि दुसरा सुरू करा. पहिला तीस-चाळीस दिवस मुरू द्या, आठवड्यातून एकदा उलथापालथ करून, गरज पडली तर पाण्याचा हबका मारून. थंडीत आणखी दोन-तीन आठवडे धरा. भरलेला माल बसून चौथाईच्या आसपास येतो. पहिल्याच खेपेला निम्म्याहून जास्त ड्रम रिकामा दिसला म्हणून काही बिघडलंय असं समजू नका.

तयार खत गडद तपकिरी, भुसभुशीत, थंड, आणि वासाला पहिल्या पावसातल्या मातीसारखं. खात्री हवी असेल तर ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर घाण आली तर अजून मुरायचंय. दुसरी परीक्षा मेथीची. निम्मी माती, निम्मं खत घालून मेथीदाणे पेरा. चार दिवसांत सरळ, हिरवे कोंब आले तर खत वापरायला हरकत नाही. न उगवणं किंवा कोंबांची टोकं जळणं ही कच्च्या खताची खूण.

वाळूच्या चाळणीतून चाळा. वरचा जाडाभरडा माल पुढच्या ड्रमाचं विरजण. कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग पाचोळा किंवा कोकोपीट. नुसत्या खतात रोप लावू नका. क्षार जास्त होतात आणि पाणी घातल्यावर खत खाली बसतं. आधीच लावलेल्या दहा इंची कुंडीला महिन्याला दोन ओंजळी पुरे, खोडापासून दोन इंच लांब, वरची माती हलवून. मेथी, कोथिंबीर, आळू यांना हे खत लगेच लागू पडतं. गुलाब, जास्वंदीला परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो.

ड्रम फारसा तापत नसल्याने बिया मरत नाहीत. कुंडीत टोमॅटो, मिरची, पपई, लाल भोपळा आपोआप उगवतील. टोमॅटोची रोपं बोटभर झाली की वेगळी लावा, हमखास फळतात. भोपळ्याचा वेल गॅलरीत मावत नाही, पण कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. फळ धरलंच तर शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. बाजारच्या भोपळ्याच्या बीचा वेल कधीकधी कडू निपजतो, आणि कडू भोपळा पोटाला बाधतो. तो थुंकून टाका आणि कापून ड्रमात घाला.