नाईटच्या आठवड्यात पान्याला हात लावू नका

आयटीआय करून वाळूज एमआयडीसीत कामाला येणाऱ्या पोरांच्या डोक्यात एखादी गाडी असतेच. माझ्या डोक्यात अण्णांची हिरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकल होती. केजला गोठ्यात पडून होती, टाकीत गंज, सीटवर कोंबड्या. टेम्पोत घालून रांजणगावच्या खोलीवर आणली तेव्हा वाटलं, दोन महिन्यांत रस्त्यावर येईल. चौदा महिने लागले. दोष गाडीचा नव्हता, शिफ्टचा होता.

आमची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट, सेकंड, नाईट. सेकंडचा आठवडा सोन्यासारखा. सकाळी झोप झालेली असते, लेथ आणि पावडर कोटिंगवाले उघडे असतात. वायरिंग याच आठवड्यात करा, आणि कपलर (वायरींचे जोड) काढायच्या आधी प्रत्येकाचा फोटो घ्या. फर्स्टमध्ये संध्याकाळ मिळते, तेव्हा वेल्डिंग, रिमचा आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढणं. (ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, घेतली तर तीही जाते. पण पैसे कायद्याने दुप्पट, सोडवत नाही.)

नाईटमध्ये मी शहाणपणा केला. सकाळी आठला ड्युटीवरून आलो आणि झोपायच्या आधी ऑइल बदलून टाकू म्हटलं. ड्रेन बोल्ट आवळताना हाताला अंदाजच येईना. अजून थोडा, अजून थोडा करत पाना दाबला आणि बोल्ट एकदम हलका झाला. आटे गेले. इंजिनचं खोकं ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, हरणार कोण ते ठरलेलं. लेथवाल्या मामांनी खोकं हातात घेतलं, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "नाईट चालूय का रे?" हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकून दिली, पण त्यासाठी इंजिन पुन्हा उतरवावं लागलं.

तेव्हापासून नाईटला फक्त बिनडोक कामं. ड्युटीला निघताना टाकीत व्हिनेगर भरून ठेवायचं. दोन दिवसांनी गंज सुटला की सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, लगेच आतून ऑइल फिरवायचं. तशीच ठेवली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते.

एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली दिवसा झोपणं ही वेगळीच शिक्षा. कूलर आहे, पण नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. दाराला ओलं गोणपाट लावा, फोन बंद करा आणि घरी सांगून ठेवा की दुपारी दोनपर्यंत "जेवलास का" विचारायचं नाही. आई अजून विचारते.

कंपनीत शिफ्ट सोडताना लॉगबुक लिहितो, तसं गाडीचंही लिहा. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायचो: टॅपेट राहिले, क्लच केबल उलटी आहे. आठवड्याने हात लावला की काही आठवत नाही.

चासी (गाडीची मूळ चौकट) कापून कॅफे रेसर, म्हणजे जुन्या रेसिंग गाडीसारखी, करायचं माझंही ठरलं होतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 वाचलं आणि ग्राइंडर परत केला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बनावटीत फेरफार चालणार नाही असंच सांगितलं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करावी लागते. मी अण्णांचा काळाच ठेवला.