अगुंब्याच्या पावसात चार दिवस राहायला जाताना

हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून ज्वारीची पेरणी करणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना पाऊस म्हणजे काय ते ठाऊक असते, पण पावसात राहणे म्हणजे काय ते सहसा ठाऊक नसते. आपल्याकडे वर्षभरात सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस झाला की साल चांगले गेले असे आपण म्हणतो. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात, घाटमाथ्याच्या अगदी कडेला वसलेल्या अगुंबे या लहानशा गावात वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि 1946 च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात तिथे साडेचार हजार मिलिमीटरची नोंद झालेली आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग पहिल्यांदा ज्या कड्याला धडकतात, त्याच कड्यावर हे गाव आहे. भोवती सदाहरित वर्षावन आहे. अशा गावात एका दिवसात ‘पॉइंट’ पाहून परतण्यापेक्षा एखाद्या घरी चार दिवस मुक्काम करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि त्यासाठी कोरड्या मुलखातल्या माणसाने काय तयारी करावी ते इथे मांडतो.

आधी महिना ठरवावा. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस धुके आणि पाणी यांशिवाय काही दिसत नाही, शिवाय धबधब्यांकडे जाणाऱ्या जंगलवाटा वनखाते त्या काळात बहुधा बंद ठेवते. पाऊस अंगावर घेण्यासाठीच जायचे असेल तर हे महिने उत्तम, पण लहान मुले किंवा वडीलधारी माणसे बरोबर असतील तर घटस्थापनेच्या आधीचा पंधरवडा बरा. तेव्हा ओढे भरलेले असतात आणि मधूनमधून ऊनही पडते. प्रवास सोपा आहे: विजयपूरवरून राष्ट्रीय महामार्ग 52 ने, किंवा होटगी-गदग मार्गाच्या रेल्वेने हुबळीपर्यंत जावे आणि पुढे शिवमोग्गा, तीर्थहळ्ळी करत अगुंबे गाठावे. शेवटचा टप्पा उजेडात संपेल असेच निघावे, कारण धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही.

सामानाच्या बाबतीत आपल्या घरच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात, हे मी पहिल्या खेपेला शिकलो. थंडी असेल म्हणून आम्ही दोन जाड सोलापुरी चादरी नेल्या होत्या. पहिल्याच रात्री खिडकीतून आलेल्या तुषारांनी त्यातली एक ओली झाली ती चौथ्या दिवशी परत निघेपर्यंत वाळली नाही, आणि ओझे मात्र दुप्पट झाले. सुती जाड कपडा तिथे वाळतच नाही, म्हणून पातळ, पटकन सुकणारे कपडे न्यावेत, आणि रोजचा एक कोरडा जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावा. चामड्याच्या चपलांना दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा रबरी तळाच्या, बोटे झाकणाऱ्या सँडल घालाव्यात. वीज वारंवार जाते आणि मोबाइलला रेंज बेताचीच असते, म्हणून विजेरी आणि रोख पैसे जवळ हवेत. कडक भाकरी न्यायची असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यातून न्यावी आणि पहिल्या दिवशीच संपवावी, कारण डबा एकदा उघडला की तासाभरात ती सादळते आणि शेंगाचटणीच्या गोळ्या होतात.

खरे तर खाण्याचे काही नेण्याची गरजच नाही. मलनाडच्या, म्हणजे या डोंगराळ मुलखातल्या, घरांत पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच झालेली असते: फणसाचे पापड, कोवळ्या कैऱ्यांचे लोणचे, चुलीसाठी रचून ठेवलेली लाकडे. आपल्या अळूवडीची बहीण शोभेल अशी पत्रोडे, तांदळाची अक्की रोट्टी, वाफवलेले कडुबू आणि धने-जिरे-मिऱ्यांचा दूध-गूळ घातलेला कषाय हे तिथले अन्न त्या हवेला साजेसे आहे. भाकरीचा आग्रह धरू नये, आणि आपल्याला कोणत्या वेळी किती माणसांचे जेवण लागेल हे आदल्या रात्रीच सांगावे, कारण यजमानीणबाईंना ओल्या लाकडांशी झटत चूल पेटवायची असते. दारात पाय धुऊनच आत जावे. सोलापुरात कानांवर पडलेली कन्नड तिथे थोडी निराळी वाटते, तरीही ‘अम्मा, ऊट चेन्नागित्तु’ (आई, जेवण छान होते) एवढे म्हटले तरी त्या माउलीचा चेहरा उजळतो.

आता जळवांविषयी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक त्यांच्या भीतीनेच जायचे टाळतात. जळू झाडावरून उडी मारत नाही. ती वाटेवरच्या पालापाचोळ्यात उभी राहून डुलते आणि बूट लागताच वर चढते. त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे कापडी मोजे सँडलच्या आत घालून पायजमा त्यांत खोचावा आणि मोज्यांना बाहेरून मीठ किंवा तंबाखू-चुन्याचे पाणी लावावे. तरीही एखादी चिकटलीच तर तिला ओढून तोडू नये आणि जाळूही नये. तिच्या निमुळत्या टोकाशी, म्हणजे जिथे तोंड असते तिथे, नख कातडीला सपाट टेकवून सरकवले की ती सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्यामुळे जखम बराच वेळ वाहते, पण त्याने घाबरण्यासारखे काही नसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि ज्या हातांना मीठ किंवा डासांचे मलम लागले आहे त्या हातांनी बेडूक उचलू नयेत, त्यांची कातडी फार नाजूक असते. रात्री अंगणाच्या कडेला दिसणारे हिरवे मलबारी उडते बेडूक लांबूनच पाहावेत.

अगुंबे नागराजासाठी, म्हणजे किंग कोब्रासाठी, प्रसिद्ध आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी 2005 मध्ये तिथे वर्षावन संशोधन केंद्र उभारले ते याच सापामुळे, आणि 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या नागराजाला स्वतंत्र जाती मानून तिला ‘कालिंगा’ हेच स्थानिक नाव दिले. गावकरी त्याला मारत नाहीत, वाट देतात. आपणही तेच करावे: अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, लाकडांच्या ढिगात हात घालू नये, आणि साप दिसला तर फोटोसाठी पुढे न जाता यजमानांना हाक मारावी. भारतात सर्वत्र मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी आहे, नागराजासाठी नाही, हे लक्षात ठेवले म्हणजे अंतर आपोआप राखले जाते.

एक शेवटची काळजी माकडतापाची. हा आजार 1957 मध्ये याच शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. तो गोचिडांमुळे पसरतो आणि मुख्यतः नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत आढळतो. त्या काळात गेल्यास पाचोळ्यावर बसू नये, मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता गावात कळवावे आणि संध्याकाळी गरम पाण्याने अंग धुताना गोचीड तपासावी. परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आलाच, तर आपण मलनाडच्या जंगलात राहून आलो आहोत हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण सोलापुरात बसून ही शंका त्यांच्या मनात सहज येणार नाही.