शिसं, तंगूस आणि दहा पायऱ्या: घरच्या घरी स्वसंमोहन

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. हात पसरून उभा असलेला पाद्री, आणि त्याच्या पुढ्यात कोसळणारी बाई. बघणाऱ्याला वाटतं, त्याच्या बोटांतून काहीतरी निघून तिच्यात शिरलंय. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून सांगत होता ते नेमकं उलट: संमोहन करणाऱ्याच्या अंगी कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून आणि अपेक्षेतून. हे खरं असल्यामुळेच ते स्वतःचं स्वतःवर करता येतं.

सुरुवात शिशापासून करा. गरीच्या दोरीला लावतात तसलं २०-२५ ग्रॅमचं शिसं घ्या (नसेल तर लोखंडी नट चालेल) आणि २५ सेंटीमीटर तंगूसाला (मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याला) बांधा. कागदावर दहा सेंटीमीटरचं वर्तुळ काढून त्यात फुली मारा. पंखा बंद. कोपर टेबलावर टेकवा, मनगट मोकळं ठेवा, तंगूस अंगठा आणि तर्जनीत धरून शिसं फुलीच्या बरोबर वर आणा. आता हात हलवायचा नाही. नजर शिशावर ठेवून ते पुढे-मागे झुलतंय एवढी फक्त कल्पना करा. बहुतेकांचं शिसं एक-दोन मिनिटांत झुलू लागतं. मग ते वर्तुळावरून गोल फिरतंय अशी कल्पना करा.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३३ साली हे तपासलं होतं. हाताला बोटांच्या जवळ आधार दिला की झुलणं कमी होई, डोळे बांधले की थांबे. म्हणजे हलवतात बोटंच, पण इतकी सूक्ष्म की हलवणाऱ्याला पत्ता लागत नाही. २५ सेंटीमीटरचा लंबक एक पूर्ण झोका साधारण एका सेकंदात घेतो, आणि त्या तालात पडणारे बारीक धक्के साठत जातात. विहिरीची जागा सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो त्यामागेही हेच असतं; तो मुद्दाम फसवत असेलच असं नाही. तुमचं शिसं हललंच नाही, तर मनगट टेकलं आहे का ते आधी बघा. तरीही हललं नाही तर मनाला लावून घेऊ नका. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते आणि मोठेपणी ती फारशी बदलत नाही. दहातल्या एखाद्याला ती फार असते, तितक्याच लोकांना फार कमी, बाकीचे मधले.

बैठकीला वीस मिनिटं द्या. पोटभर माशाच्या जेवणानंतर नको, झोप लागेल. पडवीत किंवा माजघरात पाठ टेकवून बसा. आडवं व्हायचं ते फक्त झोपेसाठी करत असाल तेव्हा. डोळ्यांच्या थोडं वर, छपराच्या रिपेवरचा एखादा खिळा निवडून डोकं न उचलता त्याकडे बघा. इंग्लंडमधले सर्जन जेम्स ब्रेड यांनी १८४० च्या दशकात हीच पद्धत रूढ केली. नजर वर ताणलेली राहिल्याने पापण्या दोन-तीन मिनिटांत थकतात. मग मिटू द्या. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर उजवा हात जड होतोय याकडे लक्ष, नंतर डावा, मग पाय. त्यानंतर नदीघाटाच्या दहा पायऱ्या मनात एकेक करून उतरा. पाण्याची भीती असेल तर डोंगरावरची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, घ्या.

आता सूचना, आणि बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. ‘मिसरी लावायची नाही’ असं म्हटलं की मनापुढे आधी मिसरीच उभी राहते. ‘सकाळी हात ब्रशकडे जातो, तोंड स्वच्छ वाटतं’ असं म्हणा: वर्तमानकाळात, डोळ्यांना किंवा जिभेला जाणवेल असं. एका बैठकीला एकच सूचना, उच्छ्वासाबरोबर पाच-सहा वेळा. तंबाखूच्या बाबतीत संमोहनाचा पुरावा कच्चाच आहे, हेही सांगायला हवं. जोडीला १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन घ्या. दुखण्यावर मात्र संमोहन जास्त कामाचं ठरतं. कोळणींना ही सूचना चटकन जमेल: हात मासळीच्या बर्फात खुपसलाय, बोटं झिणझिणतात, मग बधिर होतात. तो बधिरपणा मनात पक्का झाला की तोच हात दुखऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि थंडी तिकडे उतरतेय असं अनुभवायचं. घाईत पुढची पायरी गाठली तर काहीच होत नाही; बर्फालाच तीन-चार मिनिटं द्या.

शेवटी एक ते पाच मोजा, बोटं हलवा, डोळे उघडा, सावकाश उठा. पुढची दहा मिनिटं स्कूटर किंवा होडी नको.

‘मला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे लागलंच नाही’ ही नेहमीची तक्रार. ऐकू येणारच, ही बेशुद्धी नव्हे. हात जड झाला, वेळेचा अंदाज चुकला, एवढं पुरे. शिमग्यात ढोलाच्या ठेक्यावर अंगात वारं येतं तसं काही व्हावं म्हणून वाट बघत बसू नका. तिथे ताल, गर्दी आणि गावाची अपेक्षा मिळून काम करतात. पडवीत एकट्याला ते मिळत नाही. मध्येच रडू आलं किंवा छातीत धडधडलं तर डोळे उघडा आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या.

विसरलेलं आठवण्यासाठी हे कधीच वापरू नका. या अवस्थेत खोट्या आठवणीही खऱ्याइतक्या ठसठशीत तयार होतात. भास होण्याचा आजार किंवा फिट्स असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. नवं, कारण न कळलेलं दुखणं, विशेषतः छातीतलं, दाबून टाकू नका. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने संमोहनाच्या भरवशावर एकदम सोडणं धोक्याचं आहे: दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्या. मानसिक मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो.