छोट्या डिझेल गाडीचं खरं मायलेज कसं काढायचं

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, तो बऱ्याचदा जरा जास्तच दाखवतो. टाकी फुल करा, ट्रिप मीटर झिरो करा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि टाकी बरीच खाली आली की परत त्याच पंपावर ऑटो कट होईपर्यंत फुल करा, मग किलोमीटर भागिले लिटर, म्हणजे ६३० किमीला ३० लिटर लागलं तर २१ चं मायलेज. पण डिझेलला फेस येतो हो, त्यामुळे नोझल कधी लवकर कट होतं आणि एकाच टाकीचा हिशोब एक-दोन किमीने सहज चुकतो, म्हणून निदान तीन-चार टाक्यांची बेरीज करूनच सरासरी काढा.

आता मायलेज कमीच येत असेल तर आधी बघा की रोज तीन-चार किमीच्याच फेऱ्या होतायत का. डिझेल इंजिन गरम व्हायला वेळ घेतं आणि थंड इंजिन जास्त पितं, शिवाय डीपीएफवाली (म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) गाडी असेल तर अशा फेऱ्यांमध्ये फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जाळायला गाडी जादा डिझेल वापरते. अधूनमधून हायवेवर अर्धा तास एकसारख्या स्पीडने चालवा, पण १०० च्या वर नको, हवेचा रोध स्पीडच्या वर्गाने वाढतो.

आणि उतारावर न्यूट्रल अजिबात करू नका. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं.