बिऱ्हाडासकट शिकायला निघताना

‘ताई, जर्मनी बरं की कॅनडा?’ असा फोन महिन्यातून दोनदा तरी येतो. समोरचा बहुतेक वेळा बत्तीस-तेहतिशीचा, पदरात एक पोर, हातात विद्यापीठांच्या क्रमवारीचा तक्ता. तो तक्ता मी आधी बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, बायको काय करते आणि पोरगं कितवीत आहे? एकटा जीव कुठेही खपून जातो. बिऱ्हाडाचं तसं नसतं.

मी जर्मनीत स्टुटगार्टला मास्टर्स करायला आले आणि मागून नवरा आणि साडेचार वर्षांची लेक आली. म्हणजे शिकणारी मी आणि व्हिसाच्या भाषेत ‘डिपेंडंट’, म्हणजे माझ्यावर अवलंबून, जावईबापू. नातेवाइकांना हे अजून पचलेलं नाही, ते असो. पण तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. कॉलेजात जाणाऱ्याचा दिवस कसाही निघून जातो. घरी राहिलेल्याला सकाळी अकरा वाजता त्या देशात काय करता येतं, यावर संसार टिकतो. देश निवडताना पहिली चाळणी हीच लावा.

ती लावली की यादी झपाझप लहान होते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सच्या नव्या विद्यार्थ्याला कुटुंब नेताच येत नाही. पीएचडी, संशोधनाची पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच. तिथेही आरोग्याचा सरचार्ज माणशी वर्षाला ७७६ पौंड. तिघांचे चार वर्षांचे ९,३१२ पौंड होतात, आणि ते व्हिसाच्या वेळीच मोजायचे. कॅनडात जोडीदाराला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायचा परवाना, सरसकट मिळायचं, ते दिवस गेले. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थी किमान १६ महिन्यांच्या मास्टर्सला, पीएचडीला किंवा ठरावीक व्यावसायिक पदवीला असेल, तरच ते मिळतं. ‘डिप्लोमा करा, मिसेसना लगेच काम’ असं कोणी सांगितलं, तर चहा प्या आणि उठा. अमेरिकेत एफ-टू, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाच्या, व्हिसावरच्या जोडीदाराला कमाईची परवानगीच नाही. मुलांना सरकारी शाळा मात्र फुकट. ऑस्ट्रेलियात तुम्ही मास्टर्सला असाल तर जोडीदाराला कामाच्या तासांचं बंधन नाही, पण २०२४ च्या नियमांत शाळकरी मुलामागे वर्षाला १३,५०२ ऑस्ट्रेलियन डॉलर शाळेचा खर्च म्हणून दाखवायला सांगितले आहेत. हे आकडे सतत हलतात. पैसे भरायच्या आधी त्या त्या सरकारच्या साइटवर स्वतः वाचा, मित्राच्या मित्राला विचारू नका.

आता जर्मनीबद्दल सविस्तर, कारण इथलं मला अंगावर काढून माहीत आहे.

कागदावर जर्मनी कुटुंबाला सोपी वाटते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही (आमचं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, ते धरून चाला). जोडीदाराला कौटुंबिक परवान्यावर पूर्णवेळ काम करता येतं. शाळा फुकट. विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, पण तो आकडा एकट्याचा आहे. कुटुंबासाठी वरच्या पैशांची सोय दाखवावी लागतेच.

मग अडतं कुठे? पहिलं, भाषेत. जोडीदाराला व्हिसासाठी साधारणपणे जर्मन ए-वनचं, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं, प्रमाणपत्र आधी लागतं. नवऱ्यानं पुण्यात मॅक्स म्युलर भवनला परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेला बोलण्याच्या भागात गडी आडवा झाला. दुसरी परीक्षा, मग अपॉइंटमेंट, मग व्हिसाची वाट. मी इथे, ते दोघं सिंहगड रोडला, असे सात महिने गेले. तुमचा प्रवेश पक्का व्हायची वाट बघू नका. अर्ज भरताय त्याच आठवड्यात जोडीदाराला क्लास लावून टाका.

दुसरं, वय. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा स्वस्त दरात मिळतो आणि कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्यातच जादा हप्त्याशिवाय बसतात. तिशी उलटली की विद्यार्थ्यांचा दर गेला. भारतातून तिशीनंतर येणाऱ्या बऱ्याच जणांना खासगी विमाच घ्यावा लागतो, आणि तिथे प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा. बिऱ्हाड घेऊन निघणारे बहुतेक जण तिशीपलीकडचेच असतात, म्हणून हा हिशेब फीच्या आधी मांडा.

तिसरं, पोराचं वय, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला ऑगस्ट २०१३ पासून पाळणाघराचा, म्हणजे किटाचा, कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा नाही. मी गरोदर बायांना किटाच्या यादीत नाव घालताना पाहिलंय. बर्लिनला किटाची फी नाही, इकडे दक्षिणेत ती भरावी लागते. तरी चार-पाच वर्षांचं मूल सगळ्यांत सुखात रुळतं. आमची लेक तीन महिने गप्प होती; चौथ्या महिन्यात झोपेत जर्मन बडबडायला लागली आणि आम्ही दोघं उठून बसलो. सहाव्या वर्षी तिला शाळेच्या पहिल्या दिवशी इथल्या रिवाजाप्रमाणे खाऊनं भरलेला तिच्याएवढा कागदी शंकू, शुलट्यूटे, मिळाला. त्यात आजीनं पाठवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या होत्या.

नऊ-दहा वर्षांचं मूल असेल तर मात्र थांबून विचार करा. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा फुटतात: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी रेआलशूले वगैरे. (बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर.) चौथीत आलेलं हुशार पोरगं भाषेपायी मागे पडतं आणि आईबाप हळहळतात. भाषेची तयारी करून घेणारे वर्ग असतात, वाट नंतर बदलताही येते, पण ते वर्ष त्या मुलाला जड जातं. आणि शाळा इथे सक्तीची आहे. घरी शिकवायला परवानगी नाही. मावसभावाचं लग्न डिसेंबरच्या मध्यात आहे म्हणून पंधरा दिवस आधी उडायचं, हे चालत नाही. बायर्न (बव्हेरिया) राज्यात तर सुट्टी लागायच्या आदल्या दिवसांत विमानतळावर पोलीस शाळकरी पोरांची चौकशी करतात.

जोडीदाराचं शिक्षण कशातलं आहे तेही बघा. आयटीवाल्याचं इंग्रजीवर भागतं. डॉक्टर, नर्स, शिक्षिका असेल तर पदवीची मान्यता आणि वरच्या पातळीची जर्मन यांत दोन-तीन वर्षं सहज जातात. माझा नवरा पुण्यात अकाउंट्स बघायचा. इथे पहिलं वर्ष त्यानं गोदामात खोकी लावली. गाड्यांच्या कारखान्यांमुळे चाकण-पिंपरीकडची बरीच मंडळी इथे आहेत, त्यांतल्याच एकानं पुढे नोकरीचं सुचवलं. पण त्या वर्षाबद्दल आम्ही अजून फारसं बोलत नाही. त्यामुळे ‘जाऊ तर खरं, मग बघू’ म्हणण्याआधी जोडीदाराला एकट्याला बसवून विचारा, असं एक वर्ष काढशील का? उत्तर ‘नाही’ आलं तर देश बदला, किंवा आधी एकट्यानं येऊन घर आणि किटा मिळवा आणि मग त्यांना बोलवा.

सामानात काय आणायचं, हेही सगळे विचारतात. कुकर इथे मिळतो. विवाह नोंदणीचा दाखला आणा, आणि त्यावरचं बायकोचं नाव पासपोर्टशी जुळतंय का बघा. माहेरचं-सासरचं आडनाव आणि मधलं वडिलांचं नाव यांत आपल्याकडे घोळ ठरलेला. बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव चढलंय ना, तेही तपासा. महापालिकेचा पहिला दाखला पुष्कळदा बिननावाचा असतो. आणि लसीकरणाचं कार्ड. मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात घेत नाहीत. आमच्याकडे होतं ते कार्ड, हळदीचे डाग पडलेलं, डॉक्टरांच्या अक्षरातलं. किटाच्या बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विनम्रपणे परत दिलं. निघायच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, लसीच्या नावानं आणि तारखांनिशी, सही-शिक्क्याचं नवं लिहून घ्या.